पाण्याचा रविवार

मला शिकवायला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं ते चटया घासाघीस करून आणायला.

इथे कानडी मुलखात, जे. पी. नगरमध्ये, आमच्या मराठी मंडळाचा एक हॉल आहे. मंडळाचे चिटणीस इथले जुने रहिवासी. त्यांचं घराणं या गावात इतक्या पिढ्या आहे की ‘तुम्ही मूळचे कुठले’ असं विचारलं तर ते नुसते हसतात. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. महादेवपुऱ्याकडची आयटीतली मुलं मागे लागली होती. त्यांना बौद्ध धम्मातल्या मुक्तीवर वर्ग हवा होता, रविवारी सकाळी. त्यासाठी चटया लागणार होत्या, माइक लागणार होता.

“तुम्ही दुकानात उभे राहिलात की दुकानदार स्वल्प मऊ होतो,” अण्णा म्हणाले. “तेवढं बघा.”

“शिकवणार कोण?”

“बघू. मिळेल कुणीतरी विद्वान.”

“मिळाला.”

“हो? कोण?”

“मी.”

अण्णा थांबले. ते थांबणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. माणूस नाही म्हणायला सभ्य शब्द शोधत असतो, तेव्हा तो असा थांबतो. मग म्हणाले, “तुमचा बोम्मसंद्र्याचा व्याप... तुम्हाला वेळ कसा...”

“अण्णा, तुमच्या मंडळात बौद्ध घरात जन्मलेला, लहानपणापासून धम्म वाचत आलेला दुसरा कुणी असेल तर नाव सांगा. त्याच्यासाठी चटया मी डोक्यावर घेऊन येतो.”

दुसरं कुणी नव्हतं. असलंच तर ते मंडळात आडनाव सांगत नव्हतं.

सौदा झाला. चटया आणि माइक मी आणायचे, शिकवायचंही मीच. वर माझी एक अट होती. वर्ग आषाढी पौर्णिमेनंतर सुरू होईल, आश्विनी पौर्णिमेच्या आसपास संपेल आणि शेवट पवारणेने होईल. अण्णा कानडीत “सरी, सरी” म्हणाले, म्हणजे ठीक, ठीक. पवारणा म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. समोरच्याने न विचारता कबूल केलेली अट मला फार आवडते.

ही तीन महिन्यांची मुदत मी मनाने काढलेली नव्हती. पावसाळ्यात भिक्खू एका जागी मुक्काम करतात, त्याला वर्षावास म्हणतात. नागपूरला आमच्या वस्तीत भिक्खू असोत नसोत, वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. आज या घरी, उद्या त्या घरी. वाचायचो मी, कारण माझा आवाज मोठा होता. चुकलो की बाबा सगळ्यांसमोर म्हणायचे, “पुन्हा.” बायका भाजी निवडत ऐकायच्या आणि मधेच विचारायच्या, “काऊन गा, तृष्णा म्हंजे साडीची हौस पण आली का त्यात?” मग त्यावर अशी भांडणं जुंपायची की पुढचं पान उद्यावर जायचं. मी कॉलेजची पायरी चढलो नाही. आयटीआय केलं, बोम्मसंद्र्याला लेथवर कामाला लागलो, मालकांशी भांडून नोकऱ्या सोडल्या आणि शेवटी स्वतःची शेड घेतली. बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी मशिनं घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची, हा माझा धंदा. पण धम्मावर भांडायला मी त्या भाजी निवडणाऱ्या बायकांकडून शिकलो, आणि ते शिक्षण कच्चं आहे असं मला कुणी म्हटलेलं खपत नाही.

पहिल्या रविवारी हॉल भरला. पुण्या-मुंबईची मुलंमुली, काही नागपूरची, आणि पुढच्या चटईवर अण्णांची थोरली बहीण. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना सगळे अक्का म्हणतात. भाऊ चिटणीस असल्यामुळे त्या कशालाही येऊन बसतात, आणि बसल्या की गप्प बसत नाहीत.

मी विचारलं, “मुक्ती म्हणजे काय?”

एकाने मोक्ष सांगितला, दुसऱ्याने पुनर्जन्मातून सुटका. महादेवपुऱ्याहून बस बदलत येणारी पुण्याची एक मुलगी म्हणाली, “सर, ॲक्च्युअली माझ्यासाठी सोमवार सकाळची धडधड थांबली तरी पुष्कळ आहे.”

सगळे हसले. मी नाही हसलो. ती खरं बोलली होती.

“मी लेथ घ्यायला जातो,” मी सांगितलं. “मालक म्हणतो, मशीन नव्यासारखं आहे. मी बेडवरून, म्हणजे ज्या पट्टीवर सगळं सरकतं तिच्यावरून, बोट फिरवतो. बेड झिजलाय, हे मला कळतं आणि मला कळलंय हे त्यालाही कळतं. पुढे बोलाचाली सुरू होते. ती कोण जिंकतो?”

“ज्याला जास्त माहिती आहे तो.”

“नाही. ज्याला उठून जाता येतं तो. मला ते मशीन पाहिजेच असेल, तर माझं ज्ञान चुलीत. मालक माझ्या डोळ्यांत बघतो आणि त्याला हाव दिसते. हावेलाच तृष्णा म्हणतात. तृष्णा सुटली म्हणजे मशीन घ्यायचं नाही असं नव्हे. उठून जाता आलं पाहिजे, एवढंच.”

अक्का म्हणाल्या, “म्हणजे बुद्ध भाव करायला शिकवतो म्हणा.”

“बुद्ध राजवाड्यातून उठून गेला, अक्का. त्याहून मोठं उठून जाणं दाखवा.”

त्या दिवसापासून वर्ग माझा झाला. मुलं कंपनीतल्या गोष्टी आणायची, साहेब, बढती, घराचे हप्ते, आणि आम्ही त्यांत हाव कुठे लपलीय ते शोधायचो. डोळे मिटून बसायचो, श्वासाकडे लक्ष द्यायचो. मी शिकवलं की मुक्ती दोन तऱ्हांची सांगितली आहे. एक चित्ताची, म्हणजे मन निवांत होतं ती. दुसरी प्रज्ञेची, म्हणजे जे आहे ते स्वच्छ दिसतं ती. पहिली लोकांना फार आवडते. दुसरीचं नाव काढलं की लोक घड्याळ बघतात.

श्रावण सरत आला असताना मी दुसरीचा रविवार घेतला. एक स्टीलचा पेला आणि कागदी कपांची चळत समोर ठेवली, आणि एक गोष्ट सांगितली.

या शहरात आलो तेव्हा मला एका मराठी घरात वरची खोली मिळाली होती. घरमालकीणबाईंची भाषा ऐकून मला आपल्या गावी आल्यासारखं झालं होतं. त्यांनी मला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, वर लाडू दिला. मग भाडेकराराच्या कागदावर माझं पूर्ण नाव लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून मला पाणी कागदी कपात यायला लागलं. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. बोलण्यात तोच गोडवा, लाडूही तसाच, फक्त पेला बदलला. बाई रोज पहाटे तासभर ध्यानाला बसायच्या. मला जिन्यातून दिसायच्या. चेहरा इतका शांत, की बघत राहावं.

“आता सांगा,” मी वर्गाला विचारलं, “त्या बाईंचं मन मोकळं झालं होतं का? आणि मी, जो तो कागदी कप मुकाट्याने तोंडाला लावत होतो, मी मोकळा होतो का? आमच्या आजोबांनी धम्म घेताना घरातले देव नेऊन नदीत सोडले ते कशातून सुटायला?”

 एक जण उठून चटईची धूळ झटकून गेला. नागपूरची दोन मुलं, ज्यांनी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं, ती मात्र माझ्याकडे सरळ बघत होती. एकाने स्टीलचा पेला उचलला, भरला, प्यायला आणि शेजाऱ्याला दिला. शेजाऱ्याने घेतला. मी काही सांगितलं नव्हतं.

मंगळवारी अण्णा माझ्या शेडवर आले. एका मिलिंग मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून मी त्यांना चहा दिला.

“तक्रार आली आहे,” ते म्हणाले. “नाव नाही सांगत. लोक मनःशांतीसाठी येतात हो. तुम्ही त्यांना अवघडून सोडलंत.”

“अवघडले ते बरं झालं.”

“तो कप... कदाचित स्वच्छतेसाठी असेल. लोक आजकाल काळजी घेतात.”

“त्या बाईंच्या भाच्याला कोणत्या पेल्यात पाणी मिळत होतं, ते मी बघितलंय, अण्णा.”

“सरी. जुनी गोष्ट आहे. पण तुमचा राग बघा किती ताजा आहे. राग मानू नका, पण संतापी माणसाने मुक्ती शिकवायची म्हणजे...” त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, “पुढच्या वर्षी ध्यानाचे एक चांगले शिक्षक आणू म्हणतोय समितीत. घंटा वगैरे वाजवून छान घेतात ते. तुम्ही मार्गदर्शक राहा. नाव पत्रिकेवर पहिलं.”

मी म्हणालो, “माझ्याइतका राग जवळून पाहिलेला शिक्षक तुम्हाला शोधून सापडणार नाही. आणि पत्रिकेवरचं नाव म्हणजे पुन्हा चटयाच.”

“अजून काही ठरलेलं नाही,” अण्णा उठत म्हणाले. “तुमच्या त्या शेवटच्या दिवसाला मी येतो. वर्ग कसा चाललाय ते बघतो, मग समितीला सांगतो.”

ते गेल्यावर मी शेडमध्ये येरझाऱ्या घातल्या आणि एका निष्पाप कारागिराला विनाकारण झापलं. मग डोकं थंड झालं आणि हिशेब लक्षात आला. शेवटचा दिवस म्हणजे पवारणा.

वर्षावास संपताना भिक्खू एकमेकांपुढे उकिडवे बसून हात जोडतात आणि म्हणतात, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तुम्हाला नुसती शंका आली असेल, तर कृपा करून सांगा. त्याला पवारणा म्हणतात. थोरल्या भिक्खूनेही म्हणायचं असतं. आमच्या वस्तीत मी ती अनेकदा पाहिली होती. तिथे लोक माना खाली घालून बसायचे, कुणी चकार शब्द काढायचं नाही, मग साधू साधू साधू आणि खीर. तेव्हा मी विचार केला, अण्णा खुर्चीवर बसलेले असतील, मी हात जोडून सगळ्या वर्गाला दोष विचारीन, आणि वर्ग गप्प राहील. त्यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र कोण देणार?

पवारणेच्या रविवारी मी पांढरा सदरा घालून उकिडवा बसलो. गुडघे करकरले. हात जोडून ती तीन विचारणी मराठीत केली, पाहिलेलं, ऐकलेलं, शंका आलेलं, आणि मान खाली घालून शांततेची वाट बघितली.

“सर, मी सुरुवात करू?” पुण्याची मुलगी म्हणाली.

मी विसरलो होतो की ही आयटीतली माणसं आहेत. दर पंधरवड्याला ती गोल करून बसतात आणि काय चुकलं ते एकमेकांच्या तोंडावर सांगतात. त्यांना माना खाली घालायची सवय नव्हती. ती तयारी करून आली होती.

“पाहिलेलं,” ती म्हणाली. “उशिरा येणाऱ्याला तुम्ही दारातूनच परत पाठवलंत. तो व्हाइटफील्डहून आला होता.”

“उशीर त्याने केला होता.”

“सर, आत्ता आमची पाळी आहे.”

पाठीमागून एक जण म्हणाला, “प्रश्न विचारला की तुम्ही आधी गिऱ्हाईक बघता तसं बघता.”

“हे अर्धं मान्य.”

“आणि कुणाचं उत्तर चुकलं की पुन्हा, पुन्हा म्हणता. भीती वाटते.”

“ते माझ्या वडिलांचं आहे. माझ्या नावावर धरू नका.”

“अय्यो,” अक्का म्हणाल्या, “दोषांचा पण भाव करता होय?”

सगळा हॉल हसला. अण्णाही हसले. माझे कान तापले, गुडघे पेटले होते, आणि उठायची सोय नव्हती.

“ऐकलेलं,” नागपूरचा मुलगा म्हणाला. “अण्णांना तुम्ही शांतीचे दलाल म्हणालात, असं ऐकलं.”

“म्हणालो.” मी अण्णांकडे बघितलं. “बाजारात म्हणालो, आत्ता इथे म्हणतो.”

अण्णांनी नुसता चष्मा पुसला.

“शंका,” अक्का म्हणाल्या, आणि या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “मला शंका आहे, तुम्ही आजचा हा कार्यक्रम आम्हाला विचारायला नाही, माझ्या भावाला दाखवायला मांडलाय.”

“त्यांना दाखवायला मांडलाय,” मी म्हणालो. “मग? तुम्ही बोललात ते खोटं झालं का त्याने?”

“नाही झालं,” त्या म्हणाल्या. “ते खरंच आहे.”

मी जमिनीवर मांडी घातली. अण्णा खुर्चीवरून उठले, पुढे आले आणि माझ्याजवळ वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “इतकं ऐकून घेणारा शिक्षक मी पाहिला नाही. मी समितीला सांगतो. पुढच्या वर्षीही तुम्हीच. हॉल तुमचा, वर्ग तुमचा, सगळे रविवार तुमचे. फक्त तो एक पाण्याचा वगळा. एकच. स्वल्प तुम्ही सोडा, स्वल्प आम्ही.”

मी आयुष्यभर भाव करत आलोय. चांगला भाव मला वासावरून कळतो. हा चांगला भाव होता. एका रविवारच्या बदल्यात बाकीचे सगळे, वर हॉल, आणि ज्या माणसाने मला चटयांसाठी फोन केला होता त्याच्याच तोंडून, सगळ्यांसमोर, शिक्षक हा शब्द. एवढ्या वर्षांत मला तो शब्द किती हवा होता, ते ऐकल्याबरोबर कळलं. घशापर्यंत ‘सरी’ आलंच होतं.

मी वर्गाकडे बघितलं. पुण्याची मुलगी माझे डोळे वाचत होती, मशीनचा मालक वाचतो तसे.

“सर,” ती म्हणाली, “बोट फिरवून बघा.”

झिजलेला बेड असाच दिसतो. वरून चकचकीत. अण्णांना नुसता एक रविवार नको होता, एवढंच नव्हतं. मी स्वतः होऊन तो काढून ठेवावा, असं त्यांना हवं होतं. गोडीगुलाबीत पेला बदलायचा होता, आणि या खेपेला कागदी कप मीच आणायचा होता.

“नाही, अण्णा,” मी म्हणालो. “तो रविवार वगळला तर बाकीचे रविवार नुसते डोळे मिटायचे राहतात. त्याला तुमचे घंटावाले पुरेसे आहेत.”

“विचार करा. रागात ठरवू नका.”

“रागातच ठरवतोय. राग माझा आहे, तो खरा आहे, आणि त्याच्याकडे मी तुमच्याहून जास्त लक्ष देऊन बसलोय. पण उठतोय मी शुद्धीवर.”

आणि मी उठलो. गुडघ्यांनी साथ दिली नाही, नागपूरच्या मुलाने हात दिला, तेव्हा ते उठणं जितकं डौलदार व्हायला हवं होतं तितकं झालं नाही. माइक बंद केला, चटया तिथेच सोडल्या आणि बाहेर पडलो. माझ्यामागे किती जण आले ते मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती पुन्हा हावच झाली असती.

घरी बायकोने विचारलं, “हॉल गेला?”

“हॉल गेला नाही. मी उठून आलो.”

“आणि अहो, चटया?”

“त्या मंडळाच्या.”

“म्हणजे शेवटी हमालीच केलीत,” ती म्हणाली आणि खिरीची वाटी पुढे केली. मी चिडलो, आणि खीर खाल्ली.

यंदाचा वर्षावास बोम्मसंद्र्याला, माझ्या शेडमध्ये सुरू झाला. लेथ भिंतीला सरकवले, ताडपत्री अंथरली. समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी लावल्या, एक बुद्धाची; दुसरी कुणाची, ते आमच्या घरांत सांगावं लागत नाही. हॉलमध्ये घंटा वाजते आणि तिथे गर्दी माझ्याकडच्यापेक्षा जास्त असते, असं ऐकतो. असू दे. तिकडच्या घंटेसाठी अण्णांनी मला फोनही केला होता, चांगल्या भावात कुठे मिळेल म्हणून. दुकान मी सांगितलं. भाव तुमचा तुम्ही करा, म्हणालो.

पाण्याचा रविवार मी या वेळी पहिलाच घेतला. ज्याला उठून जायचं असेल त्याने सुरुवातीलाच जावं. नागपूरची मुलं आली, पुण्याची मुलगी आली, आणि दरवाजात घाम पुसत अक्का उभ्या राहिल्या. मेट्रो बदलून आल्या होत्या. भावाला सांगून आल्या की न सांगता, ते मी विचारलं नाही.

“पाणी द्या स्वल्प,” त्या म्हणाल्या.

मी पेला दिला. त्यांनी मान मागे केली, पेला ओठांपासून वर धरला आणि न लावता, वरून धार धरून पाणी प्यायल्या. मी बघत राहिलो. त्यांनी पेला खाली ठेवला.

“काय बघता? मी माझ्या घरी पण असंच पिते. आमच्या आईने ओठ लावू दिला नाही कधी, कुणालाच.”

“मी काही बोललो का?”

“बोलला नाहीत. शंका आली तुम्हाला.” त्या ताडपत्रीवर टेकत म्हणाल्या, “पवारणेला सांगा. नाहीतर आत्ताच सांगा, तेवढी वाट कशाला बघायची?”

मी पेला पुन्हा भरला आणि त्यांच्यापुढे धरला. “पुन्हा,” मी म्हणालो.

 अक्कांनी पेला घेतला, ओठांना लावला, एक घोट प्यायल्या आणि तोंड वेडंवाकडं केलं.

“तुमच्या पाण्याला लोखंडाचा वास येतो,” त्या म्हणाल्या. “चला, सुरू करा.”